आश्रयार्थींच्या निवासकेंद्रांची तपासणी : आयर्लंडमध्ये हिक्वा कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही

मृण्मयी_कॉर्क

आयर्लंडच्या बातम्यांत ‘आयपास सेंटर’ हे नाव रोज ऐकू येतं. आश्रय मागायला आलेल्या माणसांना सरकारचा ‘आयपास’ हा निवास-विभाग जिथे ठेवतो, ती ही केंद्रं. ती कुठे उघडावीत, त्यावर किती खर्च व्हावा, यावर भरपूर बोललं जातं. आत राहणाऱ्यांचं कसं चाललंय हे बघायला कोण जातं, यावर आपल्या मराठी मंडळींत जवळजवळ बोलणंच होत नाही. मी इथे वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे. आरोग्य आणि काळजी-सेवांवर देखरेख करणाऱ्या ‘हिक्वा’ या स्वायत्त संस्थेचे तपासणीस आमच्याकडे येतात, तेव्हा काय होतं हे मी जवळून बघते. तीच संस्था ९ जानेवारी २०२४ पासून आश्रयार्थींची केंद्रंही तपासते. तिचे अहवाल मी आवर्जून वाचते. त्यातून जे दिसलं ते मांडायला हा धागा.

आधी थोडं मागचं. एप्रिल २००० मध्ये इथे ‘डायरेक्ट प्रोव्हिजन’ व्यवस्था देशभर लागू झाली. झोपायला जागा, तीन वेळचं जेवण आणि मोठ्या माणसाला आठवड्याला सुमारे १९ युरो हातखर्च. सहा महिन्यांत अर्जाचा निकाल लागेल असं गृहीत होतं. प्रत्यक्षात माणसं वर्षानुवर्षं राहिली, मुलं तिथेच जन्मली आणि शाळेत जायला लागली. नोकरी करायला बंदी होती. ती सरसकट बंदी घटनाबाह्य आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये कामाची वाट उघडली. केंद्रं बहुतेक खासगी कंत्राटदारांची. कंत्राट देणारं खातं आणि तपासणी करणारंही तेच खातं, किंवा त्यानेच पैसे देऊन नेमलेली कंपनी. जागा कमी आणि माणसं जास्त, अशा वेळी तेच खातं कंत्राटदाराला किती कडक बोलणार? उद्या त्याने दार लावून घेतलं, तर त्या शंभर जणांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न परत त्याच टेबलावर येतो.

निवृत्त न्यायमूर्ती ब्रायन मॅकमहन यांच्या समितीने जून २०१५ मध्ये १७३ शिफारशी दिल्या. स्वतंत्र तपासणी यंत्रणा उभारा, ही त्यातली एक. २०१७ मध्ये लोकपाल आणि बाल-लोकपाल यांना या केंद्रांतल्या तक्रारी घेण्याचा अधिकार मिळाला. २०१९ मध्ये राष्ट्रीय मानकं छापून आली, जानेवारी २०२१ पासून ती लागू झाली. तपासणारं कोणी नव्हतं. ते यायला २०२४ उजाडलं.

मधल्या काळात काय झालं त्याचं एकच उदाहरण देते. मार्च २०२० मध्ये, कोविड दार ठोठावत असताना, डब्लिनच्या हॉटेलांतून शंभरेक आश्रयार्थींना केरी परगण्यात काहरसिव्हीनच्या एका हॉटेलात हलवलं. काही दिवसांतच लागण सुरू झाली. अनोळखी माणसं एकेका खोलीत, अंतर ठेवायला जागा नाही. आतले लोक सांगत होते, गावातले लोकही रस्त्यावर उतरून सांगत होते. मंत्र्यांनी गावाची माफी मागितली. तरी जुलैअखेर राहणाऱ्यांना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा केंद्र बंद करायचं ठरलं. खात्याच्या बाहेरचा, अधिकाराने आत जाऊन पाहून लिहील असा एकही माणूस त्या सगळ्या महिन्यांत नव्हता.

आता हिक्वा काय करते ते सांगते. तपासणी कळवून होते, तशी न कळवताही होते. सकाळी रिसेप्शनवर ओळखपत्र दाखवून दोघं-तिघं उभे राहतात. मग खोल्या, स्वयंपाकघर, आगीच्या वाटा, कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचे कागद, तक्रारींची नोंदवही, जोखमींची नोंद. मुख्य म्हणजे राहणाऱ्यांशी, कर्मचाऱ्यांशी बोलणं. अहवालाच्या सुरुवातीलाच रहिवाशांनी काय सांगितलं आणि तपासणिसांनी काय पाहिलं हे येतं, मानकांचा हिशेब नंतर. प्रत्येक मानकापुढे चारपैकी एक शेरा : पूर्ण पाळलंय, बऱ्याच अंशी, काही अंशी, पाळलेलं नाही. अहवाल केंद्राच्या नावानिशी हिक्वा स्वतः प्रसिद्ध करते. मंत्र्यांच्या सवडीची वाट बघावी लागत नाही.

अहवाल वाचले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात. आईवडील आणि वयात आलेली मुलं एकाच खोलीत. इथल्या १९६६ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार दहा वर्षांवरच्या मुलामुलींना एका खोलीत झोपावं लागत असेल, तर ते घर ‘अतिगर्दीचं’ ठरतं. म्हणजे साध्या भाडेकरूला जे संरक्षण आहे, ते सरकारी पैशाने चालणाऱ्या केंद्रात मोडलं जातंय. पडताळणी अपुरी असलेले कर्मचारी. तक्रार कोणाकडे करायची हे ठाऊक नसलेली माणसं. आणि चांगलंही सापडतं. स्वतंत्र दार आणि स्वतःची चूल असलेली घरं, मुलांच्या अभ्यासाची खोली, रहिवाशांच्या अडचणी नावानिशी ठाऊक असलेली व्यवस्थापक. चांगल्याचीही लेखी नोंद होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण मग शेजारच्या कंत्राटदाराला ‘हे जमतच नाही’ असं म्हणता येत नाही.

आता खरं दुखणं. हिक्वाला फक्त कायमस्वरूपी केंद्रांत जायचा अधिकार आहे. ती पन्नासच्या आसपास. २०२२ नंतर अर्ज एकदम वाढले. त्या एका वर्षात १३ हजारांहून जास्त आले. मग सरकारने हॉटेलं, जुनी ऑफिसं, गोदामं, तंबू, जे मिळेल ते घेतलं. २०२५ मध्ये केंद्रं तीनशेच्या वर होती, माणसं बत्तीस-तेहतीस हजार, त्यात मुलं नऊ हजारांच्या घरात. बहुतेक जण ‘तात्पुरत्या’ केंद्रांत. तिथे हिक्वाला जाता येत नाही आणि राष्ट्रीय मानकंही तिथे बंधनकारक नाहीत. जिथे गर्दी सगळ्यात जास्त, कंत्राटदार सगळ्यात नवखा आणि इमारत राहण्यासाठी बांधलेलीच नाही, नेमकं तेच दार तपासणिसाला बंद आहे.

दुसरं. नर्सिंग होम नियम पाळत नसेल तर हिक्वा त्याची नोंदणी रद्द करू शकते. आश्रयार्थींच्या केंद्राबाबत तिला तो अधिकार नाही. ती लिहू शकते आणि खात्याला कळवू शकते, बस्स.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या छताखाली सरकार माणसाला ठेवतं, त्या प्रत्येक छताखाली न सांगता जायची मुभा तपासणिसाला हवी, मग त्याला तात्पुरतं म्हणा की कायमचं. तुमचे अनुभव, मतभेद, सगळं लिहा.

---

निनाद७८

माहिती चांगली आहे, पण एक बाजू राहिली. मी डब्लिनमध्ये भाड्याच्या घरासाठी चार महिने रांगेत होतो. दोघं कमावतो, कर भरतो, आणि तरी मुलासह एका खोलीत राहिलो. तेव्हा आमची खोली मोजायला कोणी आलं नाही. २०२४ मध्ये या निवासावर एक अब्ज युरोच्या आसपास खर्च झाला. त्यावर अजून तपासणीस, अजून अहवाल. लोकांच्या रागाला काहीच आधार नाही असं म्हणता येईल का? आणि तो राग शेवटी आपल्यावर निघतो. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या टाला भागात आणि इतरत्र भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाला सूचना काढावी लागली. मारणारा व्हिसा बघून मारत नाही.

---

मृण्मयी_कॉर्क

निनाद, घराच्या टंचाईचा राग मला कळतो. त्या रांगेत मीही होते. पण तो अब्ज युरो जातो कुठे ते बघा. त्यातला फार मोठा भाग हॉटेलमालक आणि कंत्राटदार कंपन्यांकडे जातो. तुमच्या-माझ्या करातून माणशी, रात्रीमागे पैसे मोजले जातात आणि त्या बदल्यात काय दिलं जातंय हे बहुतेक केंद्रांत कोणी स्वतंत्रपणे बघत नाही. खर्चाची चिंता करणाऱ्याने तर तपासणी आधी मागायला हवी. खाटा किती दाखवल्या आणि आहेत किती, जेवण कसं, रात्रपाळीला माणूस असतो की नाही, हे सगळं तपासणीतच उघड होतं.

आणि आत काय चाललंय हे कोणालाच कळत नाही, तेव्हा अफवा वाढतात. डिसेंबर २०२३ मध्ये गॉलवे परगण्यात रॉसकाहिलचं हॉटेल जळालं, तिथे एकही आश्रयार्थी अजून आलेला नव्हता. नुसतं ‘येणार’ म्हटल्यावर. नावानिशी, तारखेनिशी छापलेला अहवाल गावाच्या हातात असेल, तर बोलायला निदान काही खरं असतं.

---

वृंदा_लीड्स

इंग्लंडमध्ये स्वतंत्र तपासणी असूनही काय होतं ते लिहिते, तुलनेला उपयोगी पडेल.

इथे सीमा आणि स्थलांतर यांसाठी वेगळा मुख्य तपासणीस आहे, २००७ च्या कायद्याने नेमलेला. त्याने काम उत्तम केलंय. फोकस्टनजवळच्या नेपियर बराकीत २०२० मध्ये आश्रयार्थी ठेवले. मोठमोठ्या खोल्यांत दाटीवाटीने, मग कोविडची सुमारे दोनशे जणांना लागण. फेब्रुवारी २०२१ मध्ये तपासणीस आणि तुरुंग-तपासणीस दोघांनी मिळून पाहणी केली आणि परिस्थिती लिहून काढली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने तिथली व्यवस्था बेकायदेशीर ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅन्स्टनच्या केंद्रात, जिथे नव्याने आलेल्यांना थोडे दिवस ठेवायचे, सोळाशेंच्या जागेत चार हजारांच्या आसपास माणसं होती. तपासणीस डेव्हिड नील यांनी संसदीय समितीपुढे ते उघड सांगितलं. एकट्या आलेल्या मुलांना ज्या हॉटेलांत ठेवलं होतं, तिथे पार्श्वभूमीची शहानिशा न झालेले कर्मचारी राहत होते आणि त्यांच्याकडे मास्टर चाव्या होत्या, हेही तपासणीतच निघालं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने संसदेत मान्य केलं की त्या हॉटेलांतून गेलेली सुमारे दोनशे मुलं अजून सापडलेली नाहीत.

पण कायद्यात एक मेख आहे. तपासणीस अहवाल गृहमंत्र्यांना देतो आणि प्रसिद्ध कधी करायचा ते मंत्री ठरवतात. आठ आठवड्यांचं आश्वासन होतं, ते वारंवार मोडलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नील यांना पदावरून काढलं, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी अडकलेले तेरा अहवाल एकाच दिवशी बाहेर आले. एवढे अहवाल एका दिवशी कोणता पत्रकार नीट वाचणार?

म्हणून मृण्मयीने लिहिलेलं ‘हिक्वा स्वतः प्रसिद्ध करते’ हे वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे. आमच्याकडे ते नाही.

---

निवृत्त_नाशिककर

मी महाराष्ट्रात समाजकल्याण खात्यात नोकरी केली, वसतिगृहं आणि बालगृहांच्या तपासण्या केल्या. खात्याच्या तपासणीत काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर दोन शब्द.

तपासणीची तारीख आधी कळते. त्या दिवशी चादरी धुतलेल्या, भिंतीवर नवा तक्ता, हजेरीपट पूर्ण. अधिकारी दप्तर बघतो, साठा नोंदवही बघतो, मुलांना ‘जेवण मिळतं का?’ विचारतो. शेजारी अधीक्षक उभे. मुलं ‘हो’ म्हणतात. शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहून सही होते. अधिकारी वाईट असतोच असं नाही. त्याला कागद तपासायला शिकवलेलं असतं, माणसाशी बोलायला नाही.

बिहारचं प्रकरण आठवा. तिथल्या सरकारनेच मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाला निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितलं. ११० संस्था त्यांनी पाहिल्या. २०१८ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार बाहेर आले. त्या गृहाला सरकारी अधिकाऱ्यांच्या भेटी होत नव्हत्या असं नाही, होत होत्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने इतर संस्थांचा तपासही सीबीआयकडे दिला, आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. ‘कोशिश’च्या मुलामुलींनी वेगळं काय केलं? ते मुलींजवळ बसले. घाई केली नाही. कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवलं.

आयर्लंडमध्ये तपासणीस रहिवाशांशी बोलतो तेव्हा व्यवस्थापक खोलीत असतो का? मला तेवढंच विचारायचंय. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

---

मृण्मयी_कॉर्क

काका, नसतो. रहिवाशाला हवं असेल तर तपासणीस एकट्याने भेटतात, प्रश्नावलीही ठेवतात. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र दुभाषी काम केलेल्या माणसाने द्यायला हवं. शबाना, लिहिशील का?

---

शबाना_रत्नागिरी

लिहिते. मी उर्दू आणि हिंदीसाठी दुभाषी म्हणून काम करते, डॉक्टर, शाळा, वकील यांच्या भेटींना. केंद्रांत राहणारी बरीच कुटुंबं त्यामुळे ओळखीची आहेत. कोणाचीही ओळख पटणार नाही एवढी काळजी घेऊन लिहितेय.

मॅनेजर खोलीबाहेर गेला म्हणून भीती बाहेर जात नाही. बहुतेकांच्या मनात एकच गणित असतं : हा सरकारी माणूस आहे, माझी केस सरकारकडे आहे, मी तक्रार केली तर केसवर परिणाम होईल. हिक्वा वेगळी, अर्जाचा निर्णय देणारे वेगळे, हे कितीही समजावलं तरी ज्या देशात पोलीस, कोर्ट आणि मंत्री एकच होते तिथून आलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागतो. दुसरी भीती बदलीची. ‘जास्त बोलणाऱ्याला दुसऱ्या गावी पाठवतात’ असं केंद्रांत सर्रास म्हटलं जातं. खरं असो नसो, मुलाची शाळा जेमतेम रुळलेली असते, ती बाई गप्पच राहणार.

त्यात भाषा. पुष्कळदा केंद्रातलाच एखादा इंग्रजी येणारा रहिवासी मध्ये बसतो. त्याच्यासमोर शेजारीण न्हाणीघराचं कुलूप तुटलंय हे सांगेल, रात्री दारावर कोण थाप मारतं हे नाही सांगणार. बाईला बाईच दुभाषी हवी, आणि ती बाहेरची हवी. फोनवरची चालेल.

एक गोष्ट मात्र मी बघितलीय. तपासणीस पहिल्यांदा येऊन गेले आणि पुढच्या खेपेपर्यंत बायकांच्या मजल्यावरचं साधं कुलूप बदललं गेलं, तर दुसऱ्या खेपेला त्या बोलतात. पहिल्या भेटीत कुलपाबद्दल बोलतात, दुसऱ्या भेटीत मनातलं. म्हणून एकदा येऊन अहवाल लिहून गेलेला तपासणीस अर्धंच काम करून गेलेला असतो.

---

पंकज_स

मला हिक्वावर एवढा भरवसा नाही. जून २०२५ मध्ये आरटीई या इथल्या सरकारी वाहिनीने नर्सिंग होममध्ये छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण दाखवलं. पोर्टलिशमधलं एक होम त्यात होतं. म्हाताऱ्या माणसांना ओढणं, मदतीसाठी हाका मारल्या तरी कोणी न येणं. ही होम्स हिक्वाच्या तपासणीखालचीच ना? जिथे तिला पूर्ण अधिकार आहेत तिथे हे, तर जिथे नुसतं लिहायचा अधिकार तिथे काय होणार?

---

मृण्मयी_कॉर्क

पंकज, तो कार्यक्रम आमच्या कामावर सगळ्यांनी बघितला. दुसऱ्या दिवशी ब्रेक-रूममध्ये कोणी फारसं बोलत नव्हतं.

तपासणीस वर्षातून एक-दोन दिवस असतो, बाकीचे दिवस कर्मचारी कमी असतील तर तो त्यांच्या जागी उभा राहू शकत नाही. पण या देशात स्वतंत्र तपासणी नव्हती तेव्हाचा काळही आठवा. २००५ मध्ये आरटीईनेच सोर्ड्सजवळचं लीज क्रॉस नर्सिंग होम उघडं पाडलं. तिथे आरोग्य मंडळाची स्वतःची माणसं पाहणीला जायची. त्या धक्क्यातून २००७ मध्ये हिक्वा उभी राहिली आणि २००९ पासून सगळ्या नर्सिंग होम्सची तपासणी सुरू झाली. आज आमच्याकडे रात्रपाळीची माणसं ठरावीक संख्येखाली आणायला मालक कचरतो, कारण त्याला नोंदणी जाण्याची भीती आहे. मी ते रोज बघते. ती भीती आश्रयार्थींच्या केंद्राच्या मालकाला नाही. त्याच्या विरुद्ध प्रतिकूल अहवाल आला तरी कंत्राट चालू ठेवायचं की नाही हे खातं ठरवतं, आणि खात्याला जागा हवीच असते.

छुपा कॅमेरा लागतोच. पत्रकार लागतात, घरच्यांचे डोळे लागतात. आश्रयार्थीकडे इथे घरचं कोणी नसतं, हा त्याच्यात आणि माझ्या वॉर्डातल्या आजोबांच्यात फरक आहे. आजोबांची मुलगी रविवारी येते आणि पायावरची जखम बघून जाब विचारते. शबानाने सांगितलेल्या, केंद्रातल्या त्या बाईसाठी रविवारी कोणी येत नाही.

---

ॲड_केतकी

कायद्याची एक बाजू जोडते. २०१८ मध्ये आयर्लंडने युरोपीय संघाचा आश्रयार्थींच्या स्वागत-सुविधांचा निर्देश स्वीकारला. त्या निर्देशातच सदस्य देशांनी या सुविधांवर देखरेख आणि नियंत्रणाची व्यवस्था ठेवावी असं आहे. हिक्वाला मिळालेला अधिकार त्याच नियमांच्या दुरुस्तीतून आलाय.

‘अचानक गर्दी झाली, आम्ही काय करणार’ या बचावावर युरोपीय न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ ला निकाल दिला. ते प्रकरण आयर्लंडमधलंच, आणि आपल्याला जवळचं म्हणजे अर्ज करणाऱ्या दोघांपैकी एक अफगाण आणि एक भारतीय होता. दोघांना निवासकेंद्रात जागा नाकारली, २५ युरोचं व्हाउचर दिलं आणि रस्त्यावर राहावं लागलं. न्यायालय म्हणालं, निवासाची जागा तात्पुरती संपली म्हणून मूलभूत गरजा भागवायची जबाबदारी सरकारला टाळता येत नाही.

हाच तर्क तपासणीला लावायला हवा. केंद्र घाईत उघडलं म्हणून त्यात राहणाऱ्याचा हक्क घाईतला होत नाही. ‘तात्पुरतं’ हा प्रशासनाने लावलेला शिक्का आहे. काही केंद्रं त्या शिक्क्याखाली वर्षानुवर्षं चालू आहेत.

---

निनाद७८

केतकी, हा निकाल माहीत नव्हता. घराच्या प्रश्नावरचं माझं मत तेच आहे. पण पैसे द्यायचेच असतील तर तपासून द्या, हे मृण्मयीचं म्हणणं मान्य. सरसकट सगळी केंद्रं हिक्वाच्या कक्षेत आणायला तेवढे तपासणीस आहेत का, हे मात्र कोणीतरी सांगा.

---

मृण्मयी_कॉर्क

आज नसतील, वाढवावे लागतील. तोवर जिथे मुलं आहेत ती तात्पुरती केंद्रं आधी घ्या, असं मी माझ्या मतदारसंघाच्या टीडींना, म्हणजे इथल्या खासदारांना लिहिलंय. स्थानिक निवडणुकीत आपल्याला नागरिकत्वाशिवाय मत देता येतं, त्यामुळे नगरसेवकांनाही लिहा. युरोपचा नवा स्थलांतर करार लागू होण्यासाठी जून २०२६ ठरलेला, त्यामुळे सगळी व्यवस्था पुन्हा मांडली जातेय. मागणी करायची तर याच काळात.

---

स्वरूपा

आमच्या गावात जुन्या हॉटेलात वर्षभरापासून कुटुंबं राहताहेत. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण तिथली. तिची आई सांगत होती की गरम पाणी आठवड्यातले काही दिवसच येतं. हे केंद्र हिक्वाच्या यादीत आहे की नाही कसं कळेल? आणि नसेल तर तिने काय करायचं?

---

मृण्मयी_कॉर्क

स्वरूपा, हिक्वाच्या संकेतस्थळावर या केंद्रांचे अहवाल नावानिशी आणि परगण्यानिशी मिळतात, तिथे शोध. जुनं हॉटेल म्हणजे बहुधा तात्पुरतं केंद्र असेल, आणि तसं असेल तर हिक्वा तिथे जाणार नाही.

तरी तिला वाट आहे. आधी केंद्राच्या मॅनेजरकडे लेखी तक्रार, तारीख घालून, आणि त्याची प्रत किंवा फोटो स्वतःकडे. उत्तर नाही आलं तर आयपासकडे. तिथेही नाही झालं तर लोकपालांकडे. मुलांबद्दल असेल तर बाल-लोकपालांकडे. दोन्ही ठिकाणी पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, आणि तक्रारीचा तिच्या आश्रयाच्या अर्जाशी संबंध नसतो. ही शेवटची गोष्ट तिला आधी सांग, बाकीचं नंतर. पाणी कोणत्या दिवशी नव्हतं ते तिने वहीत लिहायला सुरुवात करू दे. इंग्रजीची अडचण असेल तर शबानाला व्यनि (खासगी निरोप) कर.

---

शबाना_रत्नागिरी

कर. उर्दू किंवा हिंदी असेल तर तक्रारीचा मसुदा मी तिच्यासोबत फोनवर बसून लिहीन. दुसरी भाषा असेल तर तेही कळव, माझ्याबरोबर काम करणाऱ्यांत अरबी आणि पश्तो बोलणाऱ्या बायका आहेत.